सहाव्या भागातली बाई

मालिकांना तारे देणं हा माझा धंदा. दर शुक्रवारी वर्तमानपत्राच्या पुरवणीत, पान चारवर, माझा चौकोन असतो. वर माझा आंबट चेहऱ्याचा फोटो, खाली सहाशे शब्द आणि शेवटी पाचापैकी तारे. बावीस वर्षांत मी पाच तारे एकदाही दिलेले नाहीत. चार दोनदा दिले, आणि त्यातल्या एका वेळचा मला अजून पस्तावा होतो. लोक म्हणतात, हा माणूस बसल्याबसल्या तारे तोडतो. म्हणोत बापडे. नाकानं कांदे सोलायची नोकरी मिळाली तर कोण सोडेल?

आता धंद्यातलं एक गुपित सांगतो. नवी मालिका यायच्या आधी वाहिनी आम्हा समीक्षकांना पहिले चार भाग पाठवते. मालिका दहा भागांची असो की चोवीस, चारच. त्यावर लिहायचं. उरलेले भाग येतात तेव्हा आम्ही पुढच्या मालिकेच्या चार भागांत बुडालेले असतो. वाचकाला वाटतं, यानं सगळं डोळ्यांत तेल घालून पाहिलंय. आम्हीही तसं वाटू देतो. 'शेवटाकडे मालिका ढेपाळते' हे वाक्य मी न पाहिलेल्या शेवटांबद्दल कितीतरी वेळा लिहिलंय. बहुतेक वेळा ते खरं निघतं, कारण मालिका शेवटाकडे ढेपाळतातच. आणि ते चार भागही मी दीडपट वेगानं पाहायचो. माणसं भराभर बोलतात, भराभर रडतात, आणि तासाचं काम चाळीस मिनिटांत उरकतं.

दुसरी गोष्ट गुपित नाही, ती आमच्यातली रीत आहे. एखाद्या वयस्क कलावंताचं काम फसलं तर त्याच्याबद्दल वाईट लिहायचं नाही, नावच घ्यायचं नाही. तरुणांना झोडपायचं आणि म्हाताऱ्यांना वगळायचं. ज्याला कळायचं त्याला कळतं. ही रीत मीच एकदा ताईला समजावून सांगितली होती, मोठ्या दिमाखात. आपला भाऊ किती सहृदय आहे हे तिला कळावं म्हणून.

ताई माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ती अठराची. माझ्या पालकसभेला ती आईची साडी नेसून जायची, म्हणजे जरा मोठी दिसेल. तिला नाटकात काम करायचं होतं आणि ते तिला येतही होतं. पण मंडळी दौऱ्यावर निघाली की ताई मागे राहायची, कारण घरी मी होतो. शेवटी तिनं संध्याकाळी पाचला सुटणारं काम धरलं. डबिंगचं. परदेशी मालिकांतल्या बायकांना आपल्या भाषेत आवाज द्यायचा. पस्तीस वर्षं ती राण्यांच्या, वकिलिणींच्या, खुनी बायकांच्या आणि एकदा एका बदकाच्या तोंडून बोलली. तिचा चेहरा कुणी कधी पाहिला नाही. ती त्याबद्दल कुरकुरली नाही, निदान माझ्यासमोर तरी.

गेल्या वर्षी एका दुपारी तिचा फोन आला. माझ्या एका हातात रिमोट होता आणि समोर कुठल्यातरी मालिकेत तीन जावा दीडपट वेगानं भांडत होत्या.

"छोट्या, ऐक ना, एक काम मिळालंय," ताई म्हणाली. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, पण तिच्यासाठी छोट्याच.

"हं," मी म्हणालो. "वा. छान."

ती बराच वेळ बोलत होती. मालिकेचं नाव सांगत होती, कितव्या भागात आहे ते सांगत होती. माझं अर्धं लक्ष जावांकडे. कुठल्यातरी मालिकेचं डबिंग असेल, असं मी धरून चाललो.

"मग पाहशील ना?"

"अगं, पाहणं हाच माझा धंदा आहे," मी म्हणालो, आणि आपल्या उत्तरावर स्वतःच खूश झालो.

दोन महिन्यांनी 'तो घरीच होता' नावाची मालिका आली, दहाही भाग एकाच शुक्रवारी. एका तरुणावर खुनाचा संशय, त्याच्या मागे लागलेली तपास अधिकारी बाई, आणि प्रत्येक भागात फोनवरून 'तो घरीच होता' असं सांगणारी त्या तरुणाची आई. मी पहिले चार भाग उरकले आणि दीड तारा दिला. लिहिलं, 'अधिकारी बाई दर भागात खिडकीतून बाहेर पाहत बसतात. प्रेक्षकांनीही तेच करावं.' पुरवणीच्या संपादक बाई हसून हसून बेजार झाल्या.

ताई माझा चौकोन दर शुक्रवारी सकाळी वाचायची. बावीस वर्षांची कात्रणं तिनं फायलींत लावून ठेवली होती. मालिका पाहायची की नाही हे ती माझं वाचून ठरवायची, आणि नऊच्या ठोक्याला फोन करून माझ्याशी भांडायची. अमक्याला कमी का दिले, तमकीला का सोडलंस. त्या शुक्रवारी फोन आला तो संध्याकाळी.

"वाचलं," ती म्हणाली.

"मग? आज भांडण नाही?"

"नाही रे. तू विचार करूनच लिहिलं असशील." मग तिनं विचारलं, "गुडघा कसा आहे तुझा?"

मी गुडघ्याचं रडगाणं गायलो. वयानुसार ताई निवळत चालली आहे, असं मला वाटलं. त्यानंतर शुक्रवारचे फोन हळूहळू थांबले, आणि मी त्याकडेही कानाडोळा केला.

तीन महिन्यांनी भाचीचा फोन आला. ताईची एकुलती एक मुलगी. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते, आणि बोलतेही तसंच नेमकं.

"मामा, आईला ॲडमिट केलंय. यकृत खराब झालंय. डॉक्टर म्हणतात, आता फार काही करण्यासारखं नाही. तू ये."

खोलीत दोन खाटा होत्या, एक रिकामी. खिडकीखाली रुग्णालयाची धुलाई होती, तिथे चादरींच्या गाड्या येत-जात होत्या. ताईचे डोळे पिवळे झाले होते आणि मनगटं इतकी बारीक की सलाईनची पट्टी दोनदा गुंडाळावी लागली होती. मला पाहून ती म्हणाली, "बस. गुडघा दुखत असेल ना?"

तेवढ्यात ताप बघायला नर्स आली. तिनं आधी फाइल पाहिली, मग ताईचा चेहरा, मग पुन्हा फाइल.

"अय्या, तुम्ही त्याच ना? 'तो घरीच होता' मधल्या आई? सहाव्या भागातल्या? मी आणि माझ्या सासूबाई, दोघी रडलो हो तुमच्यामुळे. आमचं एका गोष्टीवर एकमत झालेलं ते पहिल्यांदाच."

मी ताईकडे पाहिलं. ताईनं माझ्याकडे पाहिलं आणि मग पांघरुणाकडे.

"मला काय विचारतेस?" ती नर्सला म्हणाली. "हा माझा भाऊ. तो समीक्षक आहे, त्याला विचार."

नर्स माझ्याकडे वळली. "किती छान केलंय ना यांनी?"

"हो," मी म्हणालो. "म्हणजे काय. फारच." बावीस वर्षं शब्दांवर जगलेल्या माणसाला एवढंच सुचलं.

"राहू दे रे," ताई हळूच म्हणाली. "उगाच कशाला."

ते 'उगाच कशाला' मला कळलं नाही. मग भाचीनं मला बाहेर नेलं. पाण्याच्या यंत्रापाशी उभं राहून ती म्हणाली, "मामा, एक विचारू? इतकं वाईट होतं का आईचं काम?"

"कोण म्हणतं वाईट होतं?"

"तूच. तू तिचं नावच घेतलं नाहीस. तुझी ती रीत तूच सांगितली होतीस ना तिला? त्या दिवशी सकाळी सगळं आवरून टीव्हीसमोर बसली होती. आधी छोट्याचं वाचते, मग पाहते, म्हणाली. वाचलं, दोनदा वाचलं आणि टीव्ही बंद केला. अजूनपर्यंत तिनं स्वतःचं काम पाहिलेलं नाही."

"तू सांगितलं नाहीस तिला?"

"शंभरदा सांगितलं. म्हणते, तू माझी मुलगी आहेस, तू म्हणणारच. छोट्या खोटं बोलत नाही." भाचीनं कागदी पेला चुरगाळला. "दुसऱ्या पर्वात तिला मोठी भूमिका देत होते, मामा. ती नाही म्हणाली. पहिल्याच कामात भावाला मान खाली घालावी लागली, आता पुरे, म्हणाली."

कुणीतरी तोंडात मारल्यासारखा मी उभा राहिलो. मग "येतो" म्हणून जिना उतरलो. आपण ते काम पाहिलंच नाही, हे भाचीला सांगायचं धाडस मला झालं नाही.

घरी पोचलो तेव्हा तीन वाजले होते. बूटही न काढता मी सहावा भाग लावला. सवयीनं अंगठा वेग वाढवायच्या बटणाकडे गेला, तेव्हा तो हात मी मांडीखाली दाबून बसलो.

पोलीस ठाण्यातली एक लहानशी खोली. म्हातारी आत येते. हातात मुलाचा स्वेटर. अधिकारी बाई काही विचारत नाहीत, नुसत्या बसून राहतात. म्हातारी पाणी मागते आणि पीत नाही. स्वेटरची एक बाही घडी करते, उलगडते, पुन्हा घडी करते. मग म्हणते, "तो घरी नव्हता. मीच आपली म्हणत होते, घरी होता म्हणून." त्यानंतर ती त्या संध्याकाळचं सांगू लागते. "ताट वाढलं होतं मी. माशी बसायला लागली म्हणून झाकलं. झाकलं म्हणजे पोरगं घरी आलं, असं थोडंच होतं?" आठ मिनिटं. कॅमेरा हलत नाही. ती रडत नाही, आवाज चढवत नाही. आपल्या हातानं आपलं पोर देऊन टाकते आणि शेवटी स्वेटर टेबलावर ठेवून म्हणते, "त्याला गार लागतं. एवढा द्याल का?"

पहिली दोन मिनिटं मी त्या म्हातारीत ताईला शोधत होतो. मग ती ताई आहे हेच विसरलो. भाग संपला तेव्हा तारे मोजायचं माझ्या मनातही आलं नाही. मी बसून रडलो. साठीला आलेला माणूस, बूट घालून, भर दुपारी. रात्री पाचवा आणि उरलेले भागही पाहिले, एकही न पळवता.

आता ताईला काय सांगायचं? एक वाट सोपी होती. नातेवाइकांबद्दल लिहायचं नाही असा पेपरचा नियम आहे, म्हणून तुझं नाव टाळलं. तसा नियम आहेही. पण मग ती विचारणार, फोनवर का नाही सांगितलंस? आणि ताईसमोर खोटं बोलणं मला शाळेतही कधी जमलं नव्हतं. दुसरी वाट खरं सांगायची. म्हणजे तिचं काम वाईट नव्हतं हे तिला कळेल, पण न पाहता कधी अक्षर न लिहिणारा तिचा भाऊ तिच्याकडून जाईल. ज्याच्यासाठी नाटकाचे दौरे सोडले, तो असा पाट्या टाकणारा निघाला, हे तिनं मरायच्या आधी कशाला ऐकायचं? दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी सोपी वाट पाठ करत गेलो. खोलीत शिरलो आणि तोंडातून खरंच बाहेर पडलं.

"ताई, मी पाहिलंच नव्हतं."

"काय?"

"सहावा भाग. पाचवाही नाही. आम्हाला चारच भाग येतात. तेवढ्यावर लिहितो आम्ही."

"म्हणजे नेहमीच?"

"नेहमीच."

"ती बर्फातल्या गावाची मालिका? तिच्या शेवटावरून आपण तासभर भांडलो होतो."

"नव्हता पाहिला शेवट."

"मग भांडत होतास कशावरून?"

"तू जे सांगत होतीस त्यावरून."

तिला हसू आलं, अगदी खळखळून. मग ते मध्येच थांबलं आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं. "बावीस वर्षं शेजारणींना सांगत आले मी," ती भिंतीला म्हणाली, "आमचा छोट्या शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही."

मी तिच्या पाठीला म्हणालो, "काल पाहिलं मी, ताई. सगळं पाहिलं. असं काम मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही. शपथ."

"आता तू म्हणणारच. मी इथे पडलेय ना." ती माझ्याकडे वळली, रागावलेली नव्हती, फक्त दमलेली होती. "मरायला टेकलेल्या माणसाला कोण वाईट म्हणतं रे?"

म्हणजे मी खरं सांगून भाऊही घालवला आणि समीक्षकही. आता माझ्या शब्दाला तिच्यापाशी काडीची किंमत उरली नव्हती. एकच गोष्ट शिल्लक होती.

"मग तूच बघ," मी म्हणालो. "तुझं तूच ठरव. माझं काहीच ऐकू नकोस."

तिनं उशी पाठीशी ओढली. "लाव मग," म्हणाली. "लाव सहावा."

आणि इथे मी माती खाल्ली. आयुष्यभर मालिका पळवत पाहिलेल्या मला नेमका त्याच क्षणी प्रामाणिकपणाचा झटका आला.

"सहावा नाही," मी म्हणालो. "पहिल्यापासून. एक सेकंदही न पळवता. पाच भाग तू फोनवर खोटं बोलतेस, ते ऐकल्याशिवाय सहाव्यातलं खरं अंगावर येत नाही."

"आता सुचलं का शहाणपण?" ती म्हणाली, पण तिला बरं वाटलेलं दिसलं. "बरं. बघू या तुझ्या पद्धतीनं. म्हणजे तुझ्या नसलेल्या पद्धतीनं."

भाचीनं टॅबलेट आणून दिला. रोज अकराला, डॉक्टर येऊन गेले की एक भाग. मी खुर्ची खाटेला चिकटवून बसायचो आणि टॅबलेट उशीवर टेकवून धरायचो.

दुसऱ्या भागात फोन वाजला आणि पलीकडून आवाज आला, "तो घरीच होता, मॅडम. जेवला आणि झोपला."

ताईनं माझ्याकडे डोळे वळवले. "हा तरी ओळखला होतास का?"

"दीडपट वेगात आवाज बदलतो गं."

"ह्याच आवाजात तुला हाका मारल्यात रे मी," ती म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे पाहू लागली. मी त्या भागाचा पुढचा अर्धा तास काय पाहिला ते मला सांगता येणार नाही.

तिसऱ्या भागात अधिकारी बाई खिडकीपाशी गेल्या तशी तिनं मला कोपरानं डिवचलं. "ही बाहेर का बघते, कळलं का तुला?"

"का?"

"तिचा नवरा समोरच्या इमारतीत राहतो, दुसऱ्या बाईबरोबर. पहिल्याच भागात एकदा गॅलरीत दाखवलाय. आणि तू त्याच्यावर विनोद केलास! दीड तारा तुलाच द्यायला हवा होता."

"एकच दे," मी म्हणालो.

"अर्धा," ताई म्हणाली. "फोटोबद्दल."

ते तीन-चार दिवस चांगले गेले, हे मला लपवता येत नाही. इतक्या वर्षांत आम्ही दोघांनी शेजारी बसून एकही मालिका पाहिली नव्हती. तिला सगळं दिसायचं. कुणाचा पेला कुठे ठेवला होता, कुणी कुणाच्या नजरेला नजर देणं टाळलं. मी मनात म्हणायचो, पान चारवरचा तो चौकोन हिचा असायला हवा होता.

चौथ्या भागाच्या दिवशी डॉक्टरांनी भाचीला आणि मला बाहेर बोलावलं. "यकृतानं काम थांबवलंय," ते म्हणाले. "जे रक्तातून गाळलं जायला हवं ते आता डोक्यात चढणार. भ्रम होईल. माणसं, जागा ओळखता येणार नाहीत. केव्हा, ते सांगता येत नाही. बोलायचं असेल ते बोलून घ्या."

डॉक्टर गेले तशी भाची म्हणाली, "मामा, आत्ताच्या आत्ता सहावा लाव."

"अगं, मध्ये एकच राहिलाय. पाचव्यात मुलगा आईला फोन करतो. तू सांगितलंस ना मी घरी होतो म्हणून, असं विचारतो आणि त्याला हायसं वाटतं. तिथेच तिला कळतं की यानंच केलंय. ते ऐकल्याशिवाय सहाव्यात ती का बोलते ते कळणार नाही."

"तिला काय कळायचं राहिलंय? तिनंच काम केलंय ना ते!"

"प्रेक्षक म्हणून बघू दे गं तिला एकदा. उद्या पाचवा, परवा सहावा. दोनच दिवस."

भाचीनं कपाळावर हात मारला. तिनं टॅबलेट माझ्या हातातून हिसकावून घ्यायला हवा होता. पण मी मामा, आणि वर त्या विषयातला जाणकार. ती गप्प बसली. खरं सांगू? मला तो परिणाम पूर्ण हवा होता. ताईचा माझ्यावरचा विश्वास मी घालवला होता, तो मला थेंबभरही कमी न होता परत मिळवायचा होता. त्या हट्टात तिच्यापेक्षा माझीच सोय जास्त होती, हे तेव्हा मला कळलं नाही.

पाचवा भाग आम्ही दोन तुकड्यांत पाहिला. ताईला मध्येच झोप लागली. उठल्यावर तिनं विचारलं, "मुलानं फोन केला का?" मी मागे जाऊन तो प्रसंग पुन्हा लावला. तिनं तो पाहिला आणि म्हणाली, "आता ती बोलणार." मी म्हणालो, "उद्या." ती डोळे मिटून हसली.

सहाव्या दिवशी मी सकाळी दहालाच पोचलो. भाची दारातच उभी होती. तिचे डोळे सुजलेले होते. "पहाटेपासून असंबद्ध बोलतेय," ती म्हणाली. "मला ओळखत नाहीये."

ताई उशीला टेकून बसली होती, अगदी ताठ. एक हात कानावर धरलेला, जसा ती काम करताना हेडफोन दाबून धरायची तसा. मला पाहून म्हणाली, "तुम्ही उशीर केलात. माइक चालू आहे ना?"

"ताई, मी आहे. छोट्या."

"छोट्या शाळेत गेलाय," ती म्हणाली. "साडेचारला येतो. त्याच्या आत आटपू या."

मी भाचीकडे पाहिलं. तिनं मान फिरवली. मला थांबता आलं असतं, पण थांबून तरी काय करणार होतो? मी खुर्ची खाटेला चिकटवली आणि सहावा भाग लावला.

खोली दिसली. म्हातारी आत आली. तिनं पाणी मागितलं. ताई थोडी पुढे झुकली आणि म्हातारीच्या ओठांकडे टक लावून पाहू लागली. पस्तीस वर्षं ती अशीच दुसऱ्या बायकांच्या ओठांकडे पाहत आली होती, ओठ हलले की आपला आवाज बरोबर पडावा म्हणून. तिचेही ओठ हलायला लागले. मग पडद्यावरची म्हातारी म्हणाली, "तो घरी नव्हता," आणि ताईचे ओठ थांबले. कानावरचा हात खाली आला.

ती आठही मिनिटं हलली नाही. ताटाचं बोलणं आलं तेव्हा तिचे पिवळे डोळे भरून वाहायला लागले, आणि ते तिनं पुसलेही नाहीत. स्वेटर टेबलावर ठेवला गेला. मी टॅबलेट थांबवला.

"हिला आवाज द्यायचा का मी?" ताईनं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "तुझाच आहे."

"नको." तिनं मान हलवली, तिच्या जुन्या ठाम पद्धतीनं. "साहेबांना सांगा, मी नाही देणार. हिला कशाला दुसऱ्याचा आवाज? किती चांगलं करतेय बाई. मी बोलले तर बिघडेल."

"ताई, अगं, ती तूच आहेस. नीट बघ ना. तो तुझाच चेहरा आहे." मी टॅबलेट तिच्या अगदी डोळ्यांपाशी नेला. "तूच केलंयस हे."

ती माझी समजूत घातल्यासारखी हसली. "काहीतरीच काय. मी कधी पडद्यावर असते का?"

भाची खोलीबाहेर निघून गेली. ताईनं एक बोट पुढे करून पडद्यावर थांबलेल्या त्या म्हातारीच्या गालाला लावलं.

"हिच्या घरच्यांनी पाहिलं असेल ना हे?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, हो, पाहिलं.